द्राक्षाला वायनरी मिळाली, मोहाला काय?

नाशिकच्या एका बागेत वाईन तयार झाली, तिच्या मागोमाग रंगमंच आला आणि तालुक्याचे नाव बाटलीवर चढले. भंडाऱ्याकडे मोहफूलही आहे आणि झाडीपट्टीचा रंगमंचही आहे. मग अडते कुठे?

फाल्गुन सरता सरता लाखनी, साकोली, तुमसर, पवनीकडच्या जंगलालगतच्या गावांत दिवस उगवायच्या आधीच टोपल्या बाहेर पडतात. रात्रभर टपटप गळलेली मोहफुले बायाबापड्या आणि लेकरे वाकून वाकून वेचतात. ऊन चढले की फूल मलूल होते, म्हणून पहाटेचीच घाई. अंगणात ती फुले वाळतात आणि वाळली की बहुतेक घरांतून लगेच व्यापाऱ्याच्या तराजूत जातात. घरात मीठमिरची आणायची असते, हात अडलेला असतो. भाव काय, हे विचारण्याची सोयच नसते.

याच राज्यात, आपल्यापासून सातशे किलोमीटरवर, नाशिकच्या शेतकऱ्याचे द्राक्षही एकेकाळी असेच बाजाराच्या तोंडाकडे पाहत असे. आज तिथल्या काही बागांचे द्राक्ष तोडणीच्या आधीच कराराने विकलेले असते. त्या द्राक्षाची वाईन होते, ती पाहायला माणसे गावात येतात आणि बागेच्या उतारावर बांधलेल्या उघड्या रंगमंचावर गाणेबजावणे होते. हे कसे घडले, त्यात शेतकऱ्याच्या पदरात काय पडले आणि काय पडले नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण मोहफुलाचे दार सरकारने २०२१ मध्ये थोडे उघडले आहे. त्या दारातून आधी गाव शिरते की दलाल, हा खरा प्रश्न आहे.

"कायची वाईन न् कायचं फाईन, आमच्या धानाले बोनस मिळते का नाही ते सांगा," असे कुणी म्हणेल, आणि ते म्हणणे खोटे नाही. पण धानाच्या बांधावर उभ्या असलेल्या मोहाच्या झाडाकडेही एकदा पिकासारखे पाहायला काय हरकत आहे?

नोकरी सोडून शेतात

नाशिकमधील सुला या वायनरीची गोष्ट राजीव सामंत या तरुणापासून सुरू होते. मुंबईत वाढलेले सामंत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकले आणि कॅलिफोर्नियात ओरॅकल या संगणक कंपनीत नोकरीला लागले. चांगल्या पगाराची ती नोकरी सोडून ते गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात परत आले आणि नाशिकजवळ घरच्या जमिनीवर शेती करू लागले. ही जमीन गंगापूर धरणाच्या परिसरातली. त्यांनी आधी आंबा लावून पाहिला, साग लावून पाहिला, खायची द्राक्षेही केली. म्हणजे आपल्याकडचा कोणताही हौशी शेतकरी जे करतो तेच त्यांनी केले. कशातच मन आणि हिशेब दोन्ही बसेनात.

नाशिकला द्राक्ष नवे नव्हते. थॉमसन सीडलेसच्या बागा गावोगाव होत्या. पण ते खायचे द्राक्ष. वाईनचे द्राक्ष वेगळे असते. त्याचा मणी लहान, साल जाड, आत बी आणि रस कडक गोड. खायला ते फारसे कुणी घेणार नाही. कॅलिफोर्नियात अशा द्राक्षांच्या बागा सामंतांनी पाहिल्या होत्या. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री चांगला गारवा. हे हवामान वाईनच्या द्राक्षाला मानवेल, असा त्यांचा कयास होता.

कॅलिफोर्नियातील केरी डॅम्स्की हे वाईनतज्ज्ञ त्यांच्या मदतीला आले. सोव्हिन्यो ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या जातींची लागवड झाली. नावे तोंडात बसत नाहीत, पण आपल्याकडे धानाची नवी जात आली की तिचेही नाव सुरुवातीला जिभेवर अडतेच. वेल लावला म्हणून वाईन होत नाही. तिला परवाना लागतो आणि राज्यात त्या काळी वायनरीसाठी परवाना मागणारे फारसे कुणी नसल्यामुळे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. अखेर वायनरी उभी राहिली आणि २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. सामंतांनी कंपनीला आपल्या आईचे, सुलभा यांचे नाव दिले. सुलभाचे झाले सुला.

त्याआधीचे नारायणगाव

मात्र महाराष्ट्रात वाईनची मुहूर्तमेढ नाशिकला रोवली गेली, असे म्हणणे बरोबर नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकातच इंडेज नावाने वाईनचा उद्योग उभा केला होता. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातील तंत्रज्ञांची मदत घेऊन त्यांनी फेसाळणारी वाईन तयार केली आणि ती थेट परदेशात विकली. महाराष्ट्राच्या द्राक्षाची वाईन जग पिऊ शकते, हे आधी नारायणगावने दाखवून दिले.

२००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. वायनरीला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे औद्योगिक विकास महामंडळाने वाईन पार्क काढले. पुढे वाईनवरच्या २० टक्के विक्रीकरापैकी १६ टक्के उद्योगाला परत देण्याची योजनाही आली. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. देशातील सर्वांत जास्त वायनरी आज नाशिक जिल्ह्यात आहेत.

एक माणूस धडपडला आणि सरकारने मागून हात दिला, तेव्हा हे घडले. नुसत्या धडपडीवर किंवा नुसत्या अनुदानावर ते झाले नसते.

करारात बांधलेली बाग

वायनरीला द्राक्ष हवे ते ठराविक जातीचे, ठराविक गोडीचे आणि ठरल्या वेळेला. ते मंडीतून उचलता येत नाही. म्हणून सुलाने शेतकऱ्यांशी करार केले. कंपनीने शेअर बाजारासाठी दिलेल्या माहितीनुसार तिची स्वतःची आणि करारातली मिळून दोन हजार एकरांहून अधिक बाग आहे आणि काही करार बारा वर्षांपर्यंतचे आहेत.

करारातल्या शेतकऱ्याचे वर्ष कसे जाते? एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. वेल बहुधा डॉगरिज खुंटावर बांधलेला. खाण्याच्या द्राक्षात मणी फुगवावा लागतो, घड विरळ करावा लागतो आणि दिसायला देखणा ठेवावा लागतो. वाईनच्या द्राक्षात ही कामे कमी आणि मजुरीही कमी. पण उतारा कमी येतो, कारण वेलीवर जास्त माल ठेवला की रस पातळ होतो. तोडणीच्या आधी रसातली साखर मोजतात आणि आकडा बसला की त्याच पहाटे थंड्या वेळी तोडणी होते.

वायनरीत द्राक्ष चिरडून रस काढतात. त्यात यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते आणि तिचे मद्य होते. हे सारे थंड ठेवलेल्या मोठ्या पोलादी टाक्यांत चालते, कारण उष्णता वाढली तर चव जाते. वाईन भट्टीवर उकळून काढत नाहीत. तिच्यात मद्याचे प्रमाण साधारण बारा-तेरा टक्के असते. गावठी दारू आणि वाईन यांत हा मुख्य फरक आहे.

म्हणजे शेतकऱ्याला मिळालेली खरी गोष्ट कोणती? माल तोडायच्या आधी भाव आणि गिऱ्हाईक ठरलेले असणे. आपल्या धानाला हमीभावाचे केंद्र तरी आहे, भाजीपाल्याला तेही नाही. ज्याच्या हातात लिहिलेला कागद आहे तो शेतकरी रात्री झोपतो.

बागेतला रंगमंच

सुरुवातीला वाईन विकणे अवघड होते. पिणारे थोडे, त्यातही वाईन म्हणजे काय हे ठाऊक असलेले त्याहून थोडे. मग गिऱ्हाईकाला बाटली नेऊन देण्याऐवजी गिऱ्हाईकालाच बागेत आणायचे ठरले. वायनरीत चव घेण्याची खोली उघडली, मुक्कामाची सोय झाली आणि २००८ साली 'सुलाफेस्ट' हा संगीत महोत्सव सुरू झाला.

बागेच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांचे उघडे प्रेक्षागृह बांधलेले आहे. समोर मंच, भोवती वेली. फेब्रुवारीत, ऐन तोडणीच्या दिवसांत, तिथे देशातले आणि परदेशातले गायक-वादक येतात. सोबत खाण्याच्या आणि हस्तकलेच्या वस्तूंच्या पाली लागतात. पायाने द्राक्ष तुडवायचा खेळही असतो. ज्या वादकांना मोठ्या शहरांतल्या ठराविक जागांखेरीज मंच मिळत नव्हता, त्यांना इथे हजारोंचा श्रोता मिळाला. २०२० नंतर कोरोनामुळे या महोत्सवात खंड पडला, तो २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा भरला.

या महोत्सवाला तिकीट असते आणि ते स्वस्त नसते. हा दानधर्म म्हणून चालवलेला कार्यक्रम नव्हे. गाणे ऐकायला आलेला माणूस वाईन पितो, घरी जाताना चार बाटल्या नेतो आणि पुढच्या वर्षी मित्राला घेऊन येतो, हा त्यामागचा हिशेब आहे. पण त्या हिशेबातून कलावंताला बिदागी मिळते. गाडीवाला, खानावळवाला, मंडपवाला, लॉजवाला यांचे चार दिवस भरतात. वर्षभरात या वायनरीला भेट देणाऱ्यांचा आकडा तीन लाखांच्या वर गेलेला आहे. एवढी माणसे एरवी नाशिकला रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला जात, आता त्यातली काही द्राक्षबागेतही थांबतात.

आणखी एक गोष्ट. सुलाच्या एका वाईनचे नाव 'दिंडोरी रिझर्व्ह' असे आहे. दिंडोरी हा नाशिक जिल्ह्यातला साधा शेतकरी तालुका. त्याचे नाव बाटलीवर छापून मुंबई, दिल्ली आणि परदेशातही गेले. आपल्या जिल्ह्यात तर मोहाडी नावाचा तालुकाच आहे, नावाच्या पहिल्या दोन अक्षरांतच मोह. पण मोहाच्या कोणत्या पाकिटावर मोहाडी, साकोली किंवा लाखांदूर लिहून शहरात गेले आहे?

पडझडही पाहा

नाशिकचे सगळेच गोमटे आहे असे समजून भुलू नये. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आली, त्याच सुमारास मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वाईनचा खप घसरला. त्याआधीच्या तेजीत पाहा पाहा म्हणता वायनऱ्या निघाल्या होत्या आणि शेतकऱ्यांनी वाईनच्या द्राक्षाची लागवड वाढवली होती. माल झाला उदंड आणि घेणारा नाही. खायचे द्राक्ष असते तर हातगाडीवर तरी विकले असते. वाईनच्या द्राक्षाला वायनरीखेरीज दुसरे दार नाही. अनेकांनी त्या काळात उभे वेल उपटून टाकले.

ज्या इंडेजने वाट दाखवली, तीही परदेशात कंपन्या घेऊन, कर्ज वाढवून अडचणीत आली आणि अखेर उच्च न्यायालयाने ती गुंडाळण्याचा आदेश दिला. एवढी नामांकित कंपनी बसली, तेव्हा करारावर सही करण्याआधी समोरच्याचा खिसा कितपत खोल आहे हेही पाहिले पाहिजे.

मालकीचा मुद्दाही आहेच. डिसेंबर २०२२ मध्ये सुलाचे शेअर बाजारात आले. त्या विक्रीत नवे शेअर काढलेले नव्हते, जुन्या भागधारकांनी आपले विकले. त्यामुळे पैसाही त्यांच्याकडे गेला. व्यापाराच्या रीतीने ते योग्यच. पण द्राक्ष पिकवणारा करारातला शेतकरी भाव मिळवतो, करारामुळे तो काही मालक होत नाही. साखर कारखाना सहकाराने उभा राहिला तेव्हा ऊसवाला निदान सभासद होता. वाईनच्या बाबतीत तसे फारसे झाले नाही. आपण मोहाचा विचार करताना हा धडा गाठीला बांधावा.

मोहाचे दार किती उघडले?

१९४९ चा मद्यनिषेध कायदा आणि त्याखालचे १९५० चे मोहफुलांचे नियम यांमुळे मोहफूल गोळा करणे, बाळगणे आणि नेणे यांवर पिढ्यान् पिढ्या बंधने होती. पोते सापडले की माणूस गुन्हेगार, अशी धास्ती. २०२१ साली राज्य सरकारने ही बंधने उठवली. पुढे २०२२ मध्ये मोहफूल, काजूबोंड यांपासून परवान्याने तयार होणाऱ्या मद्याला देशी दारूच्या रांगेतून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. शेजारच्या मध्य प्रदेशानेही मोहाच्या पारंपरिक मद्याला वारशाचा दर्जा देऊन आदिवासी बचत गटांना त्यात आणण्याचे ठरवले. गोव्याच्या काजू फेणीला तर २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

पण मोह म्हणजे नुसती दारू, ही समजूत आधी डोक्यातून काढली पाहिजे. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच असते. मोहाचे लाडू आणि मोहाचे पदार्थ आपल्या आजीला माहीत होते. टंचाईच्या दिवसांत याच फुलाने गावे जगवली. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या कोरबा भागातील सुकी मोहफुले फ्रान्सला निर्यात झाली. जी जमीन वाईनसाठी प्रसिद्ध, तिनेच आपल्या जंगलातले फूल मागवले! केंद्र सरकारने २०२० मध्ये सुक्या मोहफुलाची किमान आधारभूत किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केली. कोरबाचे फूल समुद्रापार जाते आणि साकोलीचे फूल वेचणाऱ्याच्या अंगणातून ओल्यासुक्या मापात उचलले जाते. झाड तेच आहे. वाळवणी, साठवण आणि सौदा यांत फरक पडतो.

रंगमंच आपल्याकडे आधीच आहे

नाशिकच्या वायनरीला प्रेक्षक गोळा करायला महोत्सव काढावा लागला. आपल्याकडे प्रेक्षक आधीपासून बसलेला आहे. भाऊबीज झाली की मंडई भरते. लेकी-जावई, पाहुणे-रावळे येतात. दिवसा दंडार, खडीगंमत, कुठे शंकरपट आणि रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांची झाडीपट्टी हिवाळाभर रात्र रात्र जागते. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक कंपन्यांचे पेठेचे गाव. तिथून कंपनी ठरवायची, गावातल्या मंडळाने मंडप घालायचा, तिकिटे विकायची आणि थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसायचे. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

नाशिकच्या महोत्सवाच्या मागे कंपनी उभी आहे. झाडीपट्टीच्या नाटकामागे गाव उभे आहे, हेच तिचे मोठेपण. पण गावाच्या वर्गणीलाही मर्यादा असते. नाटक बसले तर मंडळाच्या चार पोरांच्या अंगावर कर्ज बसते. कलावंताला चार महिने काम आणि बाकीचे आठ महिने शेतमजुरी, हीच बहुतेकांची कथा.

इथे एक मार्ग आहे, तो फार थोड्या मंडळांनी चाचपला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार, ज्या कंपनीचा वार्षिक निव्वळ नफा पाच कोटी रुपयांच्या घरात किंवा वर आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. त्या कामांच्या यादीत पारंपरिक कला आणि हस्तकलेचे जतन स्पष्टपणे लिहिलेले आहे. आपल्या भागात कारखाने आहेत, खाणी आहेत. नोंदणी केलेले, हिशेब नीट ठेवणारे नाट्यमंडळ रीतसर अर्ज घेऊन गेले, तर निदान कायम रंगमंच, कपडेपटाची खोली आणि कलावंतांचा विमा एवढे मागता येईल.

बायांचे म्हणणे आधी ऐका

मोहाच्या मद्याचा विषय निघाला की घरातल्या बाईच्या कपाळाला आठी पडते. ती का पडते, हे तिला विचारायची गरज नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती बायांच्या रेट्यातूनच आली. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा राज्यभर विरोध झाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अंमलात आला नाही. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल हे सरकारचे म्हणणे आणि घरात बाटली शिरेल हे बायांचे म्हणणे. दोन्हींत तथ्य आहे.

म्हणून गावात मोहाचा कोणताही उद्योग काढताना पहिला ठराव महिला ग्रामसभेत व्हावा. परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदानाचा अधिकार २००८ च्या आदेशाने बायांना आहेच. दुकान उघडल्यावर आडवे करण्यापेक्षा उद्योग सुरू होण्याआधी त्यांना विचारणे शहाणपणाचे. आणि घरी भट्टी लावणे हा आजही गुन्हाच आहे, हे कुणी विसरू नये. फुलावरचे बंधन उठले, भट्टीवरचे नाही.

गावाने काय करावे?

नाशिकच्या अनुभवावरून जंगलालगतच्या ग्रामसभांनी पुढील कामे क्रमाने हाती घ्यावीत, असे सुचवावेसे वाटते.

१) सामूहिक वनहक्क पक्का करा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मानला आहे आणि २०१२ च्या सुधारित नियमांनुसार त्या मालाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकते. ज्या गावांचे दावे अजून दप्तरात पडून आहेत तिथे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्यांचा पाठपुरावा करावा.

२) झाडाखालचा पाला पेटवणे थांबवा. फूल दिसावे म्हणून लावलेली आग जंगलात जाते. झाडाखाली जाळी बांधली तर फूल मातीला लागत नाही आणि स्वच्छ मालाला भाव चढतो.

३) गावात कोरडे गोदाम करा. हंगामात विकलेले फूल पावसाळ्यात दुसऱ्याच्या दुकानातून महाग दिसते. अडलेल्या घराला बचत गटाने मालाच्या तारणावर उचल दिली, तर तेच फूल चार महिने थांबू शकते.

४) सौदा लिहून करा. भाव, ओलाव्याची मर्यादा, वजनकाटा कुणाचा, पैसे किती दिवसांत, काही रक्कम आगाऊ, हे पाच मुद्दे कागदावर हवेत. तेंदूपानाचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभा शेजारच्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडे एक दिवस जाऊन बसावे.

५) आधी खाण्याचे पदार्थ. लाडू, पाक, वाळवलेले निवडक फूल. यांना अन्न सुरक्षा नोंदणी लागते, ती अवघड नाही. मद्याचा कारखाना आलाच तर तो पुढची पायरी, आणि त्यात गावाचा भाग असेल तरच होकार द्यावा.

६) मंडईत पाल लावा. गावोगावचे लोक आपल्याच दारात येतात. नाटकाच्या मंडपाबाहेर चहा आणि भजी विकली जातात, तिथे गावाचे नाव छापलेले मोहाचे पाकीट का नसावे? त्या विक्रीतून किलोमागे ठरलेली रक्कम नाट्यमंडळाच्या पेटीत टाकण्याचा ठराव करता येईल. कुणा मोठ्या कंपनीची वाट पाहावी लागणार नाही.

आपल्या जिल्ह्याला सामाईक मालमत्ता सांभाळण्याची सवय नवी नाही. कोहळी पूर्वजांनी खोदलेल्या मालगुजारी तलावांवर आजही धानाच्या बांध्या भिजतात. पाणी कुणाच्या शेताला कधी जायचे, याचे नियम गावाने केले आणि गावाने पाळले. पाळ फुटली तर सगळ्यांचे नुकसान, हे सगळ्यांना कळत होते, म्हणून तलाव टिकले. मोहाच्या झाडालाही तोच न्याय लावायला हवा.

नाशिकच्या सामंतांकडे शिक्षण होते, घरची जमीन होती आणि परदेशातली ओळख होती. आपल्याकडे झाड आहे, कायद्याने दिलेला हक्क आहे आणि रात्रभर न उठणारा प्रेक्षक आहे. भांडवल म्हणून हे थोडके नाही. पुढच्या फाल्गुनात फूल गळायला लागण्याआधी, दोन नाटकांच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी ग्रामसभा बोलवा आणि अजेंड्यावर एकच विषय ठेवा: यंदाचा मोह कोण मोजणार, आपण की व्यापारी? बायांना पहिल्या रांगेत बसवा. वेचतात त्या, तर बोलण्याचा पहिला मानही त्यांचाच.